उघड्या ॲल्युमिनियमचा आरसा कसा होतो, आणि किती टिकतो?

स्नोमोबाइलचे व्हिडिओ हल्ली बर्फ न पाहिलेल्यांच्या फोनवरही येऊन पडतात. त्यातला एक प्रकार फार चालतो. करड्या, मळकट पत्र्यावर कुणीतरी थोडं क्रीम लावतं, फडकं फिरवतं, आणि त्याच पत्र्यात आकाश दिसू लागतं. पाहणाऱ्याला पहिला प्रश्न पडतो तो म्हणजे हे क्रीम कोणतं? खरं तर त्या क्रीमचं काम अगदी शेवटचं आणि सगळ्यांत हलकं असतं. आरसा तयार होतो तो त्याआधीच्या घासकामात, आणि ते कंटाळवाणं असल्यामुळे व्हिडिओत कापलेलं असतं.

गाडीची रचना आधी समजून घेऊ. स्नोमोबाइलला पुढे दोन स्की आणि मागे रबरी पट्टा असतो. त्या पट्ट्यावर उलट्या 'यू'च्या आकारात वाकवलेला ॲल्युमिनियमचा लांब पत्रा असतो, त्याला टनेल म्हणतात. सीट त्याच्यावर बसते आणि पाय ठेवायच्या फळ्या, म्हणजे रनिंग बोर्ड, त्याच्या दोन्ही बाजूंना असतात. आरशासारखी चकाकी बहुतेक वेळा या टनेलच्या बाजूंवर आणि मागच्या भागावर आणली जाते. काही जण पट्ट्याच्या आतले रूळ, चाकं आणि इंजिनाजवळची झाकणंही चकाकवतात.

गुळगुळीत म्हणजे नेमकं किती?

हाताला गुळगुळीत लागणं आणि प्रकाशाला गुळगुळीत वाटणं यांत फार अंतर आहे. बोटाला मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या हिशेबातले चढउतार जेमतेम कळतात. प्रकाशाचा हिशेब नॅनोमीटरचा, मायक्रॉनच्याही हजाराव्या भागाचा. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर असते. पृष्ठभागावरचे चढउतार त्यापेक्षा खूपच लहान असले तर प्रकाश शिस्तीत एका दिशेने परततो आणि प्रतिमा दिसते. ते मोठे असले की प्रकाश चहूकडे विखुरतो आणि पत्रा करडा दिसतो.

सरासरी चढउतार ५० नॅनोमीटर असला, तर परतणाऱ्या प्रकाशापैकी सुमारे सत्तर टक्के विखुरतो. तोच चढउतार १० नॅनोमीटरवर आणला, तर विखुरणारा भाग पाच टक्क्यांच्या आसपास येतो. म्हणजे 'बराच गुळगुळीत' आणि 'आरसा' यांच्यातलं सगळं अंतर ४० नॅनोमीटरमध्ये मावतं. काम ऐंशी टक्के झालं तरी पत्रा ऐंशी टक्के चकाकत नाही. तो बराच वेळ ढिम्म करडाच राहतो आणि अगदी शेवटी झपाट्याने पालटतो. व्हिडिओत फक्त हे पालटणं दिसतं, म्हणून ती क्रीमची जादू वाटते.

हे क्रोमचं पाणी चढवल्यासारखं आहे का, असंही विचारलं जातं. नाही. इथे धातूवर काहीही चढवलेलं नसतं, उलट थोडा धातू काढलेला असतो. शिवाय ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा उजळ असतं. स्वच्छ, सपाट ॲल्युमिनियम दृश्य प्रकाशाचा सुमारे नव्वद टक्के भाग परत पाठवतं, क्रोम साठ-पासष्ट टक्के. मोठ्या दुर्बिणींच्या आरशांवरही ॲल्युमिनियमचा पातळ थर देतात, तो याच गुणामुळे. माउंट विल्सनच्या १०० इंची दुर्बिणीच्या आरशावर असा थर १९३५ मध्येच दिला गेला होता.

ॲल्युमिनियम गंजत नाही म्हणतात, मग ते काळवंडतं का?

उघडं ॲल्युमिनियम हवेत आलं की जवळजवळ त्याच क्षणी त्याच्यावर ऑक्साइडचा थर धरतो. हा थर दोन ते पाच नॅनोमीटरचा, पारदर्शक आणि धातूला घट्ट चिकटलेला असतो. लोखंडाचा गंज सुटून पडतो आणि आतला धातू पुन्हा उघडा पाडतो. हा थर तसं करत नाही, खालच्या धातूला झाकून ठेवतो. प्रकाशाच्या मानाने तो इतका पातळ असतो की दिसतच नाही. आत्ताच घासलेल्या चकचकीत पत्र्यावरही तो असतो, त्यामुळे 'ऑक्सिडेशन झालं म्हणून चमक गेली' हे नेहमीचं स्पष्टीकरण अर्धंच खरं आहे.

चमक जाते ती हा थर कुठेतरी मोडल्यामुळे किंवा वेडावाकडा जाड झाल्यामुळे. त्यात पहिला दोषी मीठ. बर्फ वितळावा म्हणून थंड प्रदेशांत रस्त्यांवर मीठ, कॅल्शियम क्लोराइड किंवा मॅग्नेशियम क्लोराइड टाकतात. गाडी उघड्या ट्रेलरवरून नेली की पुढच्या चाकांनी उडवलेलं ते खारं पाणी थेट टनेलवर बसतं. त्यातलं क्लोराइड ऑक्साइडचा थर ठिकठिकाणी भेदतं आणि सुईच्या टोकाएवढे खड्डे पाडतं. जिथे पोलादी स्क्रू किंवा रिव्हेट ॲल्युमिनियमला टेकतात तिथे हेच खारं पाणी दोन धातूंमध्ये छोटी बॅटरी तयार करतं, आणि त्यात झिजतं ते ॲल्युमिनियमच.

दुसरा दोषी म्हणजे स्वच्छतेचा अति उत्साह. साधारण ४ ते ८.५ या पीएचच्या, म्हणजे आम्ल-अल्कलीच्या मापाच्या, पट्ट्यात ऑक्साइडचा थर टिकून राहतो. ओव्हन साफ करायच्या द्रवात सोडियम हायड्रॉक्साइड असतं. ते थर विरघळवतं आणि मागोमाग धातूही खातं, म्हणून पत्रा काळपट करडा पडतो. 'ॲल्युमिनियम ब्राइटनर' नावाने मिळणाऱ्या काही द्रवांत हायड्रोफ्लुओरिक आम्ल असतं. त्याने पत्रा पांढुरका आणि स्वच्छ दिसतो, पण तो कोरला गेलेला असतो. शिवाय हे आम्ल कातडीतून आत शिरून गंभीर इजा करतं. ते घरात आणूच नये, या मताचा मी आहे.

पत्रा खरंच उघडा आहे का?

हे न तपासता घासायला बसलेले लोक दिवस फुकट घालवतात. कारखान्यातून आलेल्या भागावर पारदर्शक लॅकर असू शकतं, पावडर कोटिंग असू शकतं किंवा ॲनोडायझिंग केलेलं असू शकतं. ॲनोडायझिंग म्हणजे विजेच्या साहाय्याने मुद्दाम जाड केलेला ऑक्साइडचा थर. नैसर्गिक थर काही नॅनोमीटरचा असतो, हा पाच ते पंचवीस मायक्रॉनचा. तो अतिशय कठीण असल्यामुळे क्रीम त्याचं काहीच वाकडं करू शकत नाही.

ओळखायला मल्टिमीटर पुरे. त्याची दोन टोकं पत्र्यावर ओरखडा न पडेल इतक्या हलक्या हाताने टेकवायची. वीज वाहिली तर धातू उघडा आहे. वाहिली नाही तर वर लॅकर, रंग किंवा ॲनोडायझिंग आहे, कारण तिन्हींतून वीज जात नाही. दुसरी खूण म्हणजे थोडं मेटल पॉलिश लावून चोळायचं. फडकं लगेच काळं झालं तर धातू उघडा. असं का, ते पुढे येईलच.

आणखी एक तपासणी टाळू नये. काही मॉडेलांत चेनकेससारखे, म्हणजे पट्टा फिरवणाऱ्या साखळीच्या पेटीसारखे, ओतीव भाग मॅग्नेशियमचे असतात आणि ते दिसायला ॲल्युमिनियमसारखेच असतात. मॅग्नेशियमची धूळ फार सहज पेट घेते. आडबाजूला छोटी जागा खरवडून त्यावर व्हिनेगरचा थेंब टाकावा. बुडबुडे उठले तर तो भाग तसाच सोडून द्यावा.

धातू ॲल्युमिनियमच असला तरी त्याची जात महत्त्वाची असते. वाकवलेल्या पत्र्याला बऱ्याचदा ५०५२ हा मिश्रधातू वापरतात. त्यात सुमारे अडीच टक्के मॅग्नेशियम असतं आणि तो छान चकाकतो. ६०६१ च्या दाबून काढलेल्या पट्ट्याही चकाकतात, पण त्यांच्यावर साच्याच्या उभ्या रेघा असतात आणि त्या घालवायला वेळ लागतो. ओतीव भागांत सिलिकॉन जास्त असतं. त्याचे कठीण कण मऊ ॲल्युमिनियममध्ये रुतलेले असतात आणि आत बारीक पोकळ्याही असतात. अशा झाकणाला चमक येते, पण तिच्यात एक करडी झाक राहतेच. त्याला कामगाराचा हात जबाबदार नसतो.

घासकाम: उभं आणि आडवं

आता मुख्य काम. पॉलिश पेपरवर कठीण दाणे चिकटवलेले असतात. नंबर जितका मोठा तितका दाणा बारीक. युरोपीय मापात ४०० नंबरचा दाणा सुमारे ३५ मायक्रॉनचा, ८०० चा २२, १५०० चा साडेबारा आणि २००० चा १० मायक्रॉनच्या आसपास. अशा पेपरच्या पाठीवर नंबराआधी 'पी' हे इंग्रजी अक्षर छापलेलं असतं. जुन्या अमेरिकी मापातल्या ६०० नंबरचा दाणा १६ मायक्रॉनचा, म्हणजे जवळजवळ 'पी १२००' एवढा असतो. दोन्ही प्रकारचे पेपर एकाच कामात मिसळले की मधली पायरी गळते किंवा उलट जाड दाणा नंतर येतो, आणि चरे कुठून आले ते कळत नाही.

प्रत्येक पेपर जुने चरे काढतो आणि स्वतःचे नवे, थोडे उथळ चरे पाडतो. शेतात आधी नांगरट होते, मग नांगराच्या तासांना आडवा कुळव फिरतो आणि शेवटी फळी मारून रान सपाट करतात, तशातलाच हा क्रम. ढेकळांवर थेट फळी फिरवली तर वरची माती फक्त खाली दाबली जाते, ढेकळं तशीच राहतात. कुळव आडवा फिरवण्यातही अर्थ आहे, कारण उभी तासं अजून कुठे शिल्लक आहेत ते आडव्या कामात लगेच दिसतं. पत्र्यावरही हेच करायचं. ४०० चा पेपर उभा फिरवला असेल तर ६०० चा आडवा, ८०० चा पुन्हा उभा. आडवं घासून झाल्यावर एकही उभा चरा दिसत असेल, तर पुढच्या नंबरला हात लावायचा नाही.

सुरुवात कोणत्या नंबरने करावी? जो सगळ्यांत बारीक पेपर आडबाजूच्या छोट्या तुकड्यावरचे चरे घालवू शकतो, त्याने. चांगल्या पत्र्याला ६०० किंवा ८०० पुरतो. ट्रेलरच्या कडेने पडलेले खोल ओरखडे ३२० मागतात. नख अडकेल इतका खोल ओरखडा मात्र राहू द्यावा असं मला वाटतं. तो घालवायला भोवतालचा धातू तितकाच खाली आणावा लागतो. मग तिथे बशीसारखी खोलगट जागा होते आणि प्रतिमा वाकडी दिसते. ओरखडा एका कोनातून दिसतो, वाकडी प्रतिमा प्रत्येक कोनातून.

पेपर ओला वापरावा. पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब घालावेत. ॲल्युमिनियम मऊ असल्यामुळे कोरडा पेपर लगेच गच्च भरतो आणि अडकलेले धातूचे गोळे पत्र्यावर नवे चरे ओढतात. पेपर ठोकळ्यावर गुंडाळून धरावा, कारण बोटांचा दाब सारखा पडत नाही. नंबर बदलताना पत्रा, हात आणि बादलीतलं पाणी, सगळं बदलावं किंवा धुवावं. ४०० चा एक दाणा १५०० च्या पेपरखाली आला की तासाभराची मेहनत वाया जाते.

इतकं घासून पत्रा कमजोर होणार नाही का? या सगळ्या पायऱ्यांत मिळून सहसा मिलिमीटरचे काही शतांश भाग जातात, तेवढ्याने ताकदीत फरक पडत नाही. अपवाद कडा, वाक आणि रिव्हेटची डोकी यांचा. तिथे दाब एकवटतो आणि धातू नकळत बराच उतरतो.

बफिंग

१५०० किंवा २००० नंतर पेपरचं काम संपतं आणि कापडी चाकाचं सुरू होतं. चाकावर कंपाउंड लावतात, म्हणजे मेणकट चरबीत कालवलेली बारीक घर्षक पूड. सुरुवातीला शिवलेलं, कडक सुती चाक आणि ट्रिपोली नावाचं तपकिरी कंपाउंड. मग मोकळ्या कापडाचं मऊ चाक आणि ॲल्युमिनाची पांढरी पूड असलेलं बारीक कंपाउंड. रंगांचे संकेत उत्पादकागणिक बदलतात, म्हणून रंगापेक्षा वेष्टनावर कोणत्या धातूसाठी लिहिलं आहे ते पाहावं. एका चाकाला एकच कंपाउंड, हा नियम मात्र मोडू नये.

चाक नेमकं करतं काय, यावर शास्त्रज्ञांत बराच वाद झाला. न्यूटनच्या मते पॉलिश म्हणजे दिसणार नाहीत इतके बारीक ओरखडे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जॉर्ज बील्बी यांनी मांडलं की वरचा धातू वाहतो आणि खळगे भरून काढतो. मऊ ॲल्युमिनियमवर काम करणाऱ्याला दोन्ही गोष्टी अनुभवाला येतात. धातू कापलाही जातो आणि थोडा लिंपलाही जातो. या लिंपण्यातच एक फसगत आहे. घाईने बफ केलेल्या पत्र्यावर चरे भरल्यासारखे दिसतात, पण त्यांत बरंचसं कंपाउंडचं मेण असतं. ते धुतलं गेलं की चरे परत वर येतात.

जोर लावू नये. चाक जास्त दाबलं की पत्रा तापतो, पातळ पत्रा वाकू शकतो, आणि मऊ धातू कठीण कणांभोवतून ओढला जाऊन पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा होतो. चाकाची फिरण्याची दिशा नेहमी कडेवरून बाहेर जाणारी असावी. कडेत घुसणारं चाक हातातली वस्तू हिसकावतं. २० सेंटिमीटर व्यासाचं चाक मिनिटाला ३००० फेऱ्यांनी फिरत असेल तर त्याची कड ताशी शंभर किलोमीटरहून जास्त वेगाने जात असते. मफलर, सैल बाह्या, मोकळे केस यांना तिथे जागा नाही.

फडकं सारखं काळं का होतं?

हे कोडं जवळजवळ प्रत्येकाला पडतं. पत्रा धुतला, पुसला, तरी क्रीम लावून चोळलं की फडकं काळं. दहाव्यांदा चोळलं तरी काळंच. 'अजून मळ निघतोय' असं समजून लोक संध्याकाळपर्यंत चोळत बसतात.

तो मळ नाही, ॲल्युमिनियमच आहे. कोणत्याही धातूचे कण पुरेसे बारीक केले की त्यांची चमक जाते. प्रकाश कणांच्या फटींत शिरतो, इकडून तिकडे आपटत राहतो आणि बाहेर येण्याआधी शोषला जातो. उघडं ॲल्युमिनियम चोळत राहाल तोवर काळं निघत राहील. थांबायचं केव्हा ते फडक्यावरून नव्हे, प्रतिमेवरून ठरवावं. छापील कागद पत्र्यासमोर धरून हळूहळू लांब न्यावा आणि प्रतिबिंबातली अक्षरं किती अंतरापर्यंत वाचता येतात ते पाहावं. ते अंतर वाढायचं थांबलं की काम झालं. उरलेला मेणकट धुरकटपणा कॉर्नस्टार्च टाकून मऊ कापडाने पुसला की निघतो.

नुसतं क्रीम लावून भागणार नाही का?

पत्रा आधी एकदा चकाकवलेला असेल आणि आता नुसता मंद झाला असेल, तर भागतं. क्रीममधली पूड इतकी बारीक असते की ती काही शे नॅनोमीटरचे दोष काढू शकते. कारखान्यातल्या लाटण यंत्राच्या रेघा मायक्रॉनमध्ये मोजाव्या लागतात, त्यांच्यापुढे क्रीमचं काही चालत नाही. अशा पत्र्यावर क्रीम लावलं की रेघांचे माथे चमकतात, तळ तसेच राहतात. लांबून पत्रा चकाकतो आणि जवळ गेलं की रेघाळ दिसतो. कित्येकांना तेवढं पुरतं, आणि त्यात गैर काही नाही.

धुळीचं काय?

या विषयावर बोलताना ही गोष्ट सहसा राहून जाते. २ ऑगस्ट २०१४ रोजी चीनच्या जिआंगसू प्रांतातल्या कुनशान शहरात, वाहनांची ॲल्युमिनियम चाकं पॉलिश करणाऱ्या कारखान्यात धुळीचा स्फोट झाला. १४६ माणसं गेली. ॲल्युमिनियमची बारीक धूळ हवेत तरंगत असताना ठिणगी मिळाली की ती इंधनासारखी पेटते.

एक टनेल घासणाऱ्याच्या गॅरेजात इतकी धूळ होत नाही. पण ज्या ग्राइंडरवर लोखंड घासलं, त्याच्याच खाली ॲल्युमिनियमची पूड साचू देणं धोक्याचं आहे. लोखंडाचा गंज आणि ॲल्युमिनियमची पूड यांचं मिश्रण म्हणजे थर्माइट, ज्याच्या उष्णतेवर रेल्वेचे रूळ जोडतात. ओलं घासावं, बफिंग करताना दार उघडं ठेवावं, तोंडावर धुळीचा मास्क आणि डोळ्यांवर चष्मा असावा, आणि साठलेली धूळ हवेच्या झोताने उडवू नये. ओला गाळही झाकण घट्ट लावून ठेवू नये, कारण बारीक ॲल्युमिनियम पाण्याशी संथपणे क्रिया करून हायड्रोजन सोडतं.

गाडी तापेल का? डोळे दिपतील का?

चकचकीत पृष्ठभाग उष्णतेचं उत्सर्जन कमी करतो, हे खरं. म्हणून चकाकवलेला टनेल इंजिन तापवेल अशी शंका निघते. पण पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनांच्या गाड्यांत उष्णता बाहेर टाकणारे कप्पे टनेलच्या खालच्या अंगाला असतात, आणि पट्ट्याने उडवलेला बर्फ त्यांच्यावर आपटून ते थंड होतात. वरून चमक असली काय नि नसली काय, या व्यवहारात फरक पडत नाही. डोळे दिपण्याचं म्हणाल तर ताजा बर्फ स्वतःच ८० टक्क्यांहून जास्त प्रकाश परत फेकतो. टनेलचा बराचसा भाग चालवणाऱ्याच्या पाठीमागे असतो. हँडलजवळचे भाग मात्र चकाकवू नयेत.

रनिंग बोर्डच्या वरच्या बाजूला तर हातच लावू नये. तिथला खरबरीतपणा बूट घसरू नये म्हणून दिलेला असतो.

टिकवायचं कसं?

वर पारदर्शक लॅकर मारावं, हा पहिला विचार. मी तो सुचवणार नाही. आरशासारख्या पृष्ठभागावर लॅकरला धरून राहायला खडबडीतपणाच उरलेला नसतो. एखादा खडा लागून बारीक भोक पडलं की खारं पाणी आत शिरतं आणि लॅकरखाली धाग्यांसारखी वळवळणारी गंजरेघ पसरते. मग आधी लॅकर खरवडा, आणि पुन्हा पेपरपासून सुरुवात. पॉलिशनंतर ॲनोडायझिंग टिकाऊ असतं, पण त्यासाठी भाग गाडीवरून सुटा करावा लागतो आणि चमक थोडी मंदावते.

उरतो तो उघड्या धातूचा मार्ग, ज्यात अधूनमधून श्रम आहेत. अमेरिकन एअरलाइन्सने आपली विमानं कित्येक दशकं उघड्या, चकाकत्या ॲल्युमिनियमची ठेवली होती आणि ती वेळोवेळी पॉलिश करून घेतली जात. २०१३ मध्ये त्यांनी रंगवलेली विमानं आणली, तेव्हा एक कारण असं होतं की नव्या विमानांचा सांगाडा संमिश्र पदार्थांचा होता आणि तो चकाकवता येत नाही.

स्नोमोबाइलसाठी याचा अर्थ असा की ट्रेलरवरून उतरवल्यावर साध्या पाण्याने मीठ धुवावं, पुसून कोरडं करावं आणि वर गाडीचं साधं मेण लावावं. ट्रेलर बंदिस्त असेल तर अर्धं काम वाचतं. हंगाम संपला की रिव्हेटभोवतीचं पाणीही हवेच्या झोताने काढावं, मेणाचा एक जाडसर हात द्यावा आणि वर कापडी आच्छादन घालावं. प्लास्टिक गुंडाळू नये. त्याच्या आत ओल कोंडते, आणि बर्फ पडायच्या वेळी आच्छादन काढलं की पत्र्यावर पांढरे डाग दिसतात. त्यांतले जे क्रीमने जात नाहीत, त्यांना १५०० चा पेपर लागतो.